वजाबाकी

जनकगंजात, गजकवाल्याच्या डोक्यावर माझी खोली.
भिंतींना गाद्या ठोकल्यात, दाराला घोंगडी,
तरी थंडीत खालून मोगरी वर येतेच,
तीळगूळ कुटणारी, धप्, धप्,
स्वतःच्या लयीत, कुणाची सम न विचारता.

मागच्या पौषात मथुताई घारपुऱ्यांची पेटी इथे आणली.
रिक्षावाल्याला वाटलं, शिवणयंत्र.
सदतीस पट्ट्या. सूर एकेकदाच घेतला,
पण भात्याचा श्वास चार-चार वेळा,
कारण भाता दोनदा सारखा श्वास घेत नाही
आणि मशीनला हे मुद्दाम शिकवावं लागतं:
दर खेपेला चारांतला कुठलाही एक उचल,
मोजून नको, पाळीने नको.
ताई भाता मारत होत्या, मी पट्ट्या दाबत होतो.
आता पेटी माझ्या संगणकात राहते.
वजन नाही, कसर नाही,
तिसऱ्या सप्तकातली ती एक काळी
पावसाळ्यात अडकतही नाही.

आज ताई ऐकायला आल्या.
आधी जुन्या सॉफ्टवेअरात उघडली,
माझ्या चौदा वर्षांच्या सवयीच्या.
मग नव्यात, ज्याचे सात हप्ते बाकी आहेत.
तीच पेटी, तोच भूप,
मी कशालाही हात लावला नव्हता.

"पहिली जवळ बसून वाजवून राहिली आहे," त्या म्हणाल्या,
"आणि ही शेजारच्या खोलीत."

'वाजवून राहिली'.
असल्याच एका क्रियापदापायी
पुण्याच्या व्याह्यांनी भर पंगतीत
तेच वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं होतं,
कौतुकाने.
मराठीच ती. अक्षर न् अक्षर.
फक्त सहा पिढ्या ग्वाल्हेरात उघडलेली.

मी समजावायला लागलो, वायरीबियरी दाखवत:
नवं सॉफ्टवेअर मधोमध बसलेल्या आवाजाला
तीन डेसिबल खाली उतरवतं.
सांगत नाही. त्याच्या घरची रीत.
जुन्याला असले रिवाज ठाऊक नाहीत.
तुम्ही जवळ म्हणालात ना, ताई,
ते जवळ एवढंच आहे. तीन.

त्यांनी उजव्या हाताने शाल सारखी केली.
"बरं. मग तिला तीन दे."

दिले.
मग त्यांना वजाबाकी दाखवली.
एकीची लहर उलटी करायची,
हिचा उंचवटा तिथे तिचा खड्डा,
आणि दोघींना एकदम सोडायचं.
सारख्या असतील तर काही उरत नाही.
आमच्या धंद्यात भांडणं अशीच मिटतात:
कुणी म्हणतं ह्यात ऊब आहे, कुणी म्हणतं त्यात काच आहे,
उलटं करून बेरीज केली
की दोघंही चहा मागवतात.

सोडल्या.
षड्ज गेला. गंधार गेला.
पंचम तर असा गेला की होता कधी?
पडद्यावर एक सपाट रेघ,
आणि मी खुर्चीत मागे रेललो, जिंकल्यासारखा.

"थांब," ताई म्हणाल्या. "मोठं कर."

केलं. आणखी केलं. काटा टोकाला नेला.
फस्स.
मग थोडं थांबून, फस्स.
दोन्हीकडे वेगवेगळे श्वास उचलले गेले होते,
तेवढेच एकमेकांना खोडू शकले नव्हते.
सूर वजा झाले, भाता उरला:
कातड्याची घडी, बिजागरीची किरकिर,
आणि तो जोर,
मनगटापासून नाही, खांद्यापासून येणारा,
त्यांच्या डाव्या हाताचा,
जो चैत्रापासून शालीबाहेर आलेला नाही.

त्याच्याही मागे, अगदी तळाशी, धप्, धप्.
मी उठून खिडकी तपासली. बंद होती.
ती आजची होती की मागच्या पौषातली,
कान लावूनही सांगता येईना.

"पुसू हे?" मी विचारलं. "कचराच आहे तसा."

ताईंनी मान हलवली,
पण कुठल्या बाजूला, ते दिसायच्या आत लाईट गेली.
इन्व्हर्टर कण्हला, पकडू शकला नाही.
अंधारात आम्ही दोघं बसून राहिलो.
खाली गजक कुटून राहिले होते.